9 मिनिटं आणि 31 हजार मेगावॅट: 5 एप्रिल 2020 ची रात्र आपल्या ग्रिडने कशी काढली

3 एप्रिल 2020 ला, शुक्रवारी सकाळी 9 वाजता पंतप्रधानांचा व्हिडिओ आला. रविवारी 5 तारखेला रात्री 9 वाजता घरातले दिवे 9 मिनिटं बंद करा आणि दारात नाहीतर गॅलरीत उभं राहून पणती, मेणबत्ती, टॉर्च किंवा मोबाईलचा फ्लॅश लावा, असं आवाहन होतं. लॉकडाऊन सुरू होऊन दीड आठवडा झालेला, सगळे घरात, त्यामुळे प्रतिसाद प्रचंड मिळणार हे त्याच दिवशी दिसत होतं. बहुतेकांच्या डोक्यात ती रात्र पणत्यांची म्हणून राहिली आहे. वीज क्षेत्रातल्या लोकांसाठी मात्र ती वेगळीच रात्र होती, कारण सबंध देशाचा लोड एकाच वेळी खाली येणार आणि काही मिनिटांत परत वर जाणार, हे आधीपासून माहीत असण्याचा असा प्रसंग आपल्याकडे कधी आलाच नव्हता. तयारीला हातात होते फक्त 60 तास.

हे प्रकरण मी निवडलं कारण कोळसा, पाणी, गॅस, वारा, अणू, सूर्य यापैकी प्रत्येकाकडून येणारी वीज कशी वेगवेगळ्या स्वभावाची असते हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. प्लगमध्ये पिन घातली की सगळी वीज सारखीच, पण ती तयार करणाऱ्या मशीनला "आत्ता थांब" म्हटलं तर कोण ऐकतं आणि कोण ऐकू शकत नाही, हा सगळा खेळ त्या रात्रीचा. आणि माझं म्हणणं असं की ती रात्र मुख्यतः पाण्याने तारली, आणि पाण्याची ती किंमत आपल्या लक्षातच येत नाही कारण आपण विजेचा हिशोब फक्त युनिटमध्ये करतो.

आधी ग्रिडचं गणित

ग्रिड म्हणजे वीज केंद्रं, लाईनी आणि घरं यांना जोडणारं सगळं जाळं. वीज ग्रिडमध्ये साठत नाही. म्हणजे बॅटरी, धरण, कोळशाचा ढीग या रूपात ऊर्जा साठते, पण तारांमधली वीज ज्या क्षणी तयार झाली त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. आपल्या घरातल्या दिव्याचं बटण बंद केलं की काय होतं ते उलट्या दिशेने बघा. घरात 230 व्होल्ट येतात ते कोपऱ्यावरच्या डीपीवरून, डीपीला 11 केव्हीचा फीडर येतो, तो फीडर 33 केव्हीच्या सबस्टेशनमधून निघतो, त्याच्या मागे 132 नाहीतर 220 केव्ही, त्याच्या मागे 400 आणि 765 केव्हीच्या मोठ्या लाईनी, आणि शेवटी चंद्रपूर, कोराडी, तारापूर, पोफळी अशा ठिकाणचा जनरेटर. डीपीपर्यंतचं काम महावितरणचं, मोठ्या लाईनींचं महापारेषणचं, जनरेटरचं महानिर्मितीचं, एनटीपीसीचं वगैरे. बटण बंद केल्याचा परिणाम या सगळ्या साखळीतून जाऊन थेट त्या जनरेटरच्या शाफ्टवर होतो, क्षणात. शाफ्टवरचं ओझं तेवढं कमी होतं आणि मशीन किंचित जोरात फिरायला लागतं.

एका घराचं कोणाला कळणारही नाही. पण कोट्यवधी घरांनी एकदम केलं तर? बैलगाडीला उतार लागला की बैलांच्या मानेवरचं ओझं अचानक सुटतं आणि गाडीच त्यांना पुढे ढकलायला लागते, तसं सगळ्या देशातल्या जनरेटरचं होतं, कारण ते सगळे एकाच ग्रिडला जोडलेले आहेत आणि एकाच वेगाने फिरतात. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर ते सोलापूर ही 765 केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी आहे. फ्रिक्वेन्सी म्हणजे 50 हर्ट्झ, म्हणजे औष्णिक केंद्रातला दोन पोलचा जनरेटर मिनिटाला 3000 फेरे. लोडपेक्षा निर्मिती जास्त झाली की फ्रिक्वेन्सी 50 च्या वर, कमी पडली की खाली. ग्रिड कोडप्रमाणे ती 49.90 ते 50.05 च्या मध्ये ठेवायची. आकडे किती जवळचे आहेत बघा, रोज चोवीस तास हे सांभाळलं जातं.

फ्रिक्वेन्सी फार हलली तर मशीन स्वतःला वाचवायला ग्रिडमधून सुटतात. टर्बाइनच्या लांब पात्यांना ठराविक वेगाबाहेर फिरणं मानवत नाही, म्हणून तशी प्रोटेक्शनच बसवलेली असते. एक सुटलं की बाकीच्यांवर परिणाम, मग दुसरं, मग तिसरं. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर भारतात जे झालं ते अशाच साखळीतून झालं, बिना-ग्वाल्हेर लाईनपासून सुरू होऊन, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिडं अंधारात गेली, साठ कोटींहून जास्त लोक. म्हणून 2020 मध्ये ज्यांनी भीती व्यक्त केली त्यांना मी घाबरट म्हणणार नाही.

लॉकडाऊनने आधीच काय केलं होतं

कारखाने बंद, ऑफिसं बंद, लोकल बंद, मॉल बंद. 2 एप्रिल 2019 ला देशाची कमाल मागणी 168 हजार मेगावॅटच्या आसपास होती, 2020 च्या त्याच तारखेला ती 126 हजारांच्या आत. महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितलं होतं की राज्याची मागणी 23 हजार मेगावॅटवरून 13 हजारावर आली आहे.

यात दोन गोष्टी आहेत ज्या लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, कारखान्यांचा लोड गेल्यामुळे उरलेल्या लोडमध्ये घरांचा वाटा खूप वाढला होता. म्हणजे एरवी घरांनी दिवे बंद केले असते तर टक्क्यांमध्ये जेवढा धक्का बसला असता त्यापेक्षा आता मोठा बसणार. दुसरं, मागणी कमी म्हणून बरेच कोळशाचे संच आधीच बंद करून ठेवलेले. चालू असलेली फिरती मशिनं कमी म्हणजे ग्रिडचं जडत्व कमी. जड चाकं जास्त असली की वेग हळू बदलतो, कमी असली की पटकन बदलतो. त्यामुळे धक्का मोठा आणि तो झेलणारं वस्तुमान कमी, असा दुहेरी प्रकार होता.

राऊतांनी लोकांना विनंती केली की सगळे दिवे एकदम बंद करू नका, ग्रिड कोसळलं तर हॉस्पिटलसकट सगळं बंद पडेल. कोविडचे दिवस, व्हेंटिलेटरवर माणसं, त्यामुळे ही काळजी राजकारण म्हणून झटकून टाकण्यासारखी अजिबात नव्हती. उत्तर प्रदेशच्या भार प्रेषण केंद्राने, म्हणजे ग्रिडच्या नियंत्रण कक्षाने, तर रात्री 8 ते 9 मध्ये टप्प्याटप्प्याने लोडशेडिंग करून लोड आधीच थोडा उतरवून ठेवायचा असं पत्र काढलं होतं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी स्पष्ट केलं की फक्त घरातले दिवे बंद करायचे आहेत, पंखे, फ्रिज, टीव्ही, एसी चालूच ठेवा, रस्त्यावरचे दिवे आणि हॉस्पिटलं चालू राहतील, ग्रिड मजबूत आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या असं मला वाटतं. ग्रिड मजबूत होतं, पण ते आपोआप मजबूत नसतं, कोणीतरी त्या 60 तासांत बसून मिनिटामिनिटाचं नियोजन केलं म्हणून ते टिकलं.

ते नियोजन केलं पोसोकोने, म्हणजे देशाचं ग्रिड चालवणाऱ्या सरकारी कंपनीने, जिला आता ग्रिड इंडिया म्हणतात. दिल्लीत राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र, त्याखाली पाच विभागीय केंद्रं, पश्चिम विभागाचं आपल्या मुंबईत अंधेरीला, आणि त्याखाली प्रत्येक राज्याचं, आपलं ऐरोलीला, जुने लोक अजून त्याला कळवा एलडीसी (लोड डिस्पॅच सेंटर) म्हणतात. ही माणसं लॉकडाऊनमध्ये घरून काम करू शकत नव्हती हे लक्षात ठेवा.

कोणाला थांबवायचं

आता खरा प्रश्न. अंदाज असा काढला होता की घरातल्या दिव्यांचा लोड देशभरात मिळून साधारण 12 ते 14 हजार मेगावॅट आहे. एवढी निर्मिती काही मिनिटांत खाली आणायची आणि 9 वाजून 9 मिनिटांनंतर परत वर न्यायची. कोण करणार?

कोळसा. तेव्हा देशातली निम्म्याहून जास्त क्षमता याची होती, रोजची बहुतेक वीज याचीच. पण बॉयलर म्हणजे शेगडीचा गॅस नाही की फिरवलं आणि कमी झालं. दळलेला कोळसा भट्टीत जळतोय, त्यावर शेकडो टन वाफ तयार होतेय, जाड पोलादी ड्रम आणि पाइप तापलेले आहेत, त्यांचं तापमान भराभर बदललं तर धातूला तडे जातात. सर्वसाधारण वेग मिनिटाला 1 टक्का धरतात. म्हणजे 500 मेगावॅटचा संच मिनिटाला 5 मेगावॅटने खाली येणार, आणि तोसुद्धा 55 टक्क्यांपर्यंतच, त्याखाली ज्वाला स्थिर राहत नाही, तेल जाळावं लागतं. पूर्ण बंद केला तर परत सिंक्रोनाइज करायला, म्हणजे ग्रिडच्या वेगाशी जुळवून जोडायला, कित्येक तास. 9 मिनिटांसाठी बंद करणं तर शक्यच नाही.

अणू. तारापूरला 540 मेगावॅटच्या दोन मोठ्या अणुभट्ट्या आहेत, त्या एका पातळीवर शांतपणे चालवायच्या असतात. पटकन वर-खाली करायला आपल्याकडे त्या वापरत नाहीत, कारण शक्ती एकदम कमी केली की भट्टीत झेनॉन साठून परत वर यायला अडचण होते. त्यामुळे अणूला हात लावायचा नाही.

सूर्य. रात्री 9 वाजता शून्य. त्या रात्री सौर ऊर्जेने ना मदत केली ना त्रास दिला.

वारा. एप्रिलमध्ये तसाही जोर कमी, पण पात्यांचा कोन बदलून किंवा टर्बाइन थांबवून कमी करता येतो. वाढवणं मात्र आपल्या हातात नसतं.

गॅस. उरणसारख्या केंद्रात 672 मेगावॅट आहेत, कोळशापेक्षा कितीतरी चपळ. अडचण अशी की देशात गॅसच पुरेसा नाही, बरीचशी केंद्रं कमी चालतात.

आणि पाणी. जलविद्युत केंद्रात टर्बाइनकडे जाणारं पाणी अडवायला गाइड व्हेन नाहीतर नोझल असतात. त्या बंद करत आणल्या की काही सेकंदांत निर्मिती खाली येते, उघडल्या की काही सेकंदांत वर. जळणारं काही नाही, तापलेलं काही नाही. नाही म्हणायला पाण्यालासुद्धा वजन आहे, लांब बोगद्यातून धावणारं पाणी एकदम अडवलं की दाब उसळतो, म्हणून कोयनेसारख्या ठिकाणी बोगदा आणि उतरत्या नळांच्या मध्ये उल्लोल विहीर बांधलेली असते, पाणी तिच्यात वर चढतं आणि दाब सोसला जातो. पन्नासच्या दशकात हे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांच्या डोक्यात 9 मिनिटांचा कार्यक्रम नव्हता, पण लोड अचानक सुटण्याचा विचार त्यांनी सह्याद्रीच्या पोटात कोरून ठेवला होता.

बाजाराचे नियमही इथे कामाचे नव्हते. आपल्याकडे दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 ब्लॉक पाडून प्रत्येक केंद्राला शेड्यूल देतात. 9 ते 9.15 हा एक ब्लॉक. म्हणजे सगळी घसरण आणि चढण एका-दोन ब्लॉकच्या पोटात संपणार, शेड्यूलच्या कागदावर ती नीट दिसणारही नाही. त्यामुळे ऑपरेटरने फोनवर आणि स्क्रीनवर त्याच क्षणी चालवणं एवढाच रस्ता होता.

योजना

योजना वाचली की मला अजून छान वाटतं, कारण ती साधी आहे. पाणी वाचवून ठेवायचं आणि योग्य क्षणी उधळायचं.

संध्याकाळी साधारण 6 नंतर जलविद्युत कमी करायची, संध्याकाळची मागणी कोळसा आणि गॅसवर भागवायची. मग 9 वाजायच्या आधी उलटं करायचं, कोळशाचे संच हळूहळू त्यांच्या तळाच्या मर्यादेकडे न्यायला सुरुवात करायची आणि ती जागा पाण्याने भरून काढायची. म्हणजे 9 च्या आत परिस्थिती अशी हवी की खाली येऊ शकेल अशी निर्मिती जास्तीत जास्त हातात आहे आणि न वाकणारी कमीत कमी. मग लोक दिवे बंद करायला लागले की गाइड व्हेन बंद करत जायच्या, जवळजवळ शून्यापर्यंत. पण मशीन ग्रिडमधून सोडायचं नाही, जोडलेलंच फिरत ठेवायचं, कारण परत वर जाताना सिंक्रोनाइज करण्यात वेळ घालवायचा नाही आणि फिरत्या मशीनचं जडत्वही हवंय. लोड परत यायला लागण्याच्या थोडं आधी कोळशाला वर यायची सूचना द्यायची कारण त्याला वेळ लागतो, तोपर्यंतचा चढ पाण्याने घ्यायचा. फ्रिक्वेन्सी आधीपासून 50 च्या थोडी खाली ठेवायची, म्हणजे लोड पडल्यावर वर उसळायला जागा राहील.

त्यासोबत व्होल्टेजची वेगळी डोकेदुखी. लोकांना ग्रिड म्हटलं की फक्त मेगावॅट दिसतात, पण लांबलचक 400 आणि 765 केव्हीच्या लाईनींवर लोड नसला की त्या स्वतःच कपॅसिटरसारख्या वागतात आणि व्होल्टेज चढवतात. 400 केव्हीची लाईन 420 च्या वर जाऊ द्यायची नसते. म्हणून काही लाईनी आधीच उघडून ठेवायच्या, सबस्टेशनमधले, व्होल्टेज खाली ओढणारे रिअ‍ॅक्टर चालू करायचे, कपॅसिटर बँका काढून टाकायच्या, आणि फिरत्या जनरेटरांना जास्तीची, व्होल्टेज चढवणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर गिळायला लावायची. हे काम महापारेषणसारख्या कंपन्यांच्या सबस्टेशन ऑपरेटरांनी राज्याराज्यात केलं आणि त्याचं कौतुक जवळजवळ कोणी केलं नाही.

प्रत्यक्षात काय झालं

पहिली गोष्ट, लोकांनी 9 ची वाट बघितली नाही. 8 वाजून 45 मिनिटांपासूनच लोड उतरायला लागला. दुसरी, तो 12-14 हजारावर थांबला नाही. 8.45 ते 9.10 या 25 मिनिटांत देशाची मागणी 31,089 मेगावॅटने पडली आणि 9.10 ला 85,799 मेगावॅटवर आली. अंदाजाच्या दुपटीहून जास्त. मिनिटाला सरासरी साडेबाराशे मेगावॅट. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॅट आहे, म्हणजे दर दीड मिनिटाला एक अख्खी कोयना ग्रिडला नकोशी होत गेली, आणि हे 25 मिनिटं चाललं!

आता ही घसरण कोणी झेलली ते बघा. जलविद्युत 8.45 ला 25,559 मेगावॅट होती, ती 9.10 ला 8,016 वर आणली गेली, म्हणजे 17,543 मेगावॅट एकट्या पाण्याने. कोळशाने 6,992, वाऱ्याने 2,007, गॅसने 1,951. देशातल्या एकूण क्षमतेत तेव्हा जलविद्युत जेमतेम 12 टक्के, पण त्या 25 मिनिटांत घसरणीतला निम्म्याहून जास्त वाटा तिने उचलला. आणि परत चढतानाही जवळजवळ तेवढ्याच वेगात, 9.10 ते 9.27 या 17 मिनिटांत 8,016 वरून 19,012.

फ्रिक्वेन्सी 8.49 ला 49.70 पर्यंत खाली गेली होती आणि 9.08 ला 50.26 पर्यंत वर गेली. म्हणजे ठरलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. 3000 फेऱ्यांचं मशीन 2982 ते साधारण 3016 च्या मध्ये राहिलं. पट्ट्याबाहेर गेली म्हणून कोणी नाक मुरडेल, पण अंदाजाच्या दुप्पट धक्का आलेला असताना ती इतकीच हलली आणि ग्रिड एकसंध राहिलं, याला मी उत्कृष्ट काम म्हणतो, त्यात काही कमीजास्त करायची गरज नाही.

नंतर मागणी हळूहळू वर आली आणि 10 वाजून 10 मिनिटांच्या सुमाराला 1,14,400 मेगावॅटवर स्थिर झाली. 9 वाजून 9 मिनिटांनी सगळे बटणं एकदम दाबतील ही जी दुसरी मोठी भीती होती ती खरी झाली नाही. लोक बाहेर रमले, फोटो काढत बसले, फटाकेही उडवले कुठे कुठे, सावकाश घरात आले. घसरणीपेक्षा चढण सौम्य राहिली ही ग्रिडच्या दृष्टीने मोठी सवलत होती.

अंदाज एवढा का चुकला असावा

यावर माझा एक साधा हिशोब आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 24.7 कोटी कुटुंबं होती. एका घरात रात्री 9 ला सरासरी 50 वॅटचे दिवे चालू धरले (आता सगळीकडे एलईडी, त्यामुळे हे कमी नाही) तर साधारण 12 हजार मेगावॅट होतात, म्हणजे पोसोकोचा अंदाज अगदी तर्काला धरून होता. आता 31 हजार व्हायला त्याच घरांमागे सव्वाशे वॅट बंद व्हायला हवेत. सव्वाशे वॅटचे दिवे किती घरांत असतात? म्हणजे लोकांनी पंखा, टीव्ही, कुठे एसीसुद्धा बंद केला, काहींनी सरळ मेन स्विचच पाडला असणार. घरं 2011 नंतर वाढली हे धरलं तरी फक्त दिव्यांनी हा आकडा गाठता येत नाही. मंत्रालय सांगत होतं की बाकी सगळं चालू ठेवा, पण माणूस गॅलरीत जाताना मागे पंखा चालू कशाला ठेवेल, ही आपली वर्षानुवर्षांची सवय, लाईट बिलाने लावलेली.

हे मला महत्त्वाचं वाटतं कारण मागणीचा अंदाज उपकरणांच्या यादीवरून काढला जातो आणि मागणी घडते माणसांच्या सवयीवरून. ज्यांनी योजना केली त्यांनी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त जलविद्युत हातात धरली होती, 25 हजारांहून जास्त, म्हणून चुकलेला अंदाज अंगावर आला नाही. नेमका अंदाज असण्यापेक्षा मोकळी जागा जास्त ठेवणं कामाला आलं.

एक किंमत मात्र मोजावी लागली, तिच्याबद्दल बोललं जात नाही. फ्रान्सिस टर्बाइन (जलविद्युत केंद्रात वापरलं जाणारं एक टर्बाइन) अर्ध्याहून कमी भारावर चालवलं की पाण्यात भोवरे तयार होतात, मशीन थरथरतं, पात्यांवर खड्डे पडतात. त्या पट्ट्यात कोणी मुद्दाम चालवत नाही. त्या रात्री देशभरातली मशिनं त्या पट्ट्यातून दोनदा गेली आणि काही तिथे थांबलीसुद्धा. जलविद्युत केंद्राला पैसे मिळतात मुख्यतः क्षमतेचे आणि युनिटचे.

महाराष्ट्राच्या बाजूने

आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर हातातलं मुख्य हत्यार कोयना. पोफळीचे पहिले दोन टप्पे मिळून 600, चौथा टप्पा 1000, कोळकेवाडीवरचा तिसरा 320, आणि धरणाच्या पायथ्याचं छोटं 40. पाणी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोगद्याने पश्चिमेकडे येतं, सह्याद्री उतरतं, वीज करून वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी कोकणात जातं, आणि म्हणूनच कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. उन्हाळ्यात सांगली-साताऱ्याला शेतीसाठी पाणी हवं असतं तेव्हा पश्चिमेकडे वीजनिर्मितीला किती सोडायचं यावर दरवर्षी ओढाताण होते, आणि दोन्ही बाजूंची गरज खरी आहे.

माझा आग्रह एवढाच की त्या ओढाताणीत कोयनेच्या पाण्याचा हिशोब "एका टीएमसीत किती युनिट" एवढाच मांडू नये. युनिट कोळशाचंही मिळतं आणि आता सौरचं तर बरंच स्वस्त मिळतं. कोयनेचं मशीन काही सेकंदांत वर-खाली होतं, हे कुठल्या कोळशाच्या केंद्राकडून मिळणार नाही. म्हणून ते पाणी दिवसा एकसारखं वाहू देण्यापेक्षा संध्याकाळच्या कठीण दोन-तीन तासांसाठी राखणं केव्हाही योग्य, आणि कोयना आज बरीचशी तशीच चालवली जाते.

कारण 5 एप्रिलला जे एकदा घडलं त्याच्यासारखं आता रोज घडतं, फक्त कारण वेगळं. मार्च 2020 अखेर देशात सौर क्षमता 35 हजार मेगावॅटच्या आत होती, जानेवारी 2025 अखेर ती 1 लाख मेगावॅटच्या पुढे गेली. सूर्य मावळताना ही सगळी निर्मिती दोन-अडीच तासांत शून्यावर येते, आणि नेमका तेव्हाच घराघरांत दिवे, मिक्सर, एसी चालू होतात. वेग 5 एप्रिलएवढा नाही, पण उंची मोठी आहे आणि सुट्टी नाही. कोळशाचे संच दुपारी 55 टक्क्यांवर दाबून ठेवायचे आणि संध्याकाळी पळवायचे, असं रोज केलं तर बॉयलरचं आयुष्य कमी होतं.

यावरचं एक उत्तर आपल्याकडे घाटघरला उभं आहे. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर वरचं धरण, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं, मध्ये डोंगराच्या पोटात 125-125 मेगावॅटची दोन मशिनं. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडेल तेव्हा खाली सोडायचं. टाटांचं भिऱ्याचं 150 मेगावॅटचं असंच उदंचन (पाणी वर चढवणारं) केंद्र त्याच्याही आधीपासून आहे. अशा केंद्राचा फायदा दुहेरी, कारण ते निर्मिती शून्यावर आणून थांबत नाही, उलट लोड बनून जास्तीची वीज ओढून घेतं. पाणीही नवीन लागत नाही, तेच तेच फिरतं, बाष्पीभवन सोडून. सह्याद्रीचा कडा हा त्यासाठी जवळजवळ तयार मिळालेला आहे, एका किलोमीटरच्या अंतरात कित्येकशे मीटर उतार, आणि आता पश्चिम घाटात अशा बऱ्याच जागांचे प्रस्ताव आहेत. त्यातल्या काही जागा दाट जंगलाच्या आणि देवरायांच्या आहेत, गावं आहेत, तिथे सरसकट हो म्हणावं असं मी म्हणणार नाही. आधी जुनी धरणं बघावीत, जिथे वर किंवा खाली एक जलाशय तयारच आहे आणि दुसरा छोटा बांधून भागतं, कोयनेच्या डाव्या तीराच्या 80 मेगावॅटच्या प्रकल्पासारखं.